हेडफोन आणि ॲम्प्लिफायर : एका जुळणीचा इतिहास

हेडफोनच्या खोक्यावर किंवा त्याच्या कानपट्टीवर बारीक अक्षरांत एक आंकडा छापलेला असतो. कोठें ३२ ओहम, कोठें २५०, कोठें ६००. विकत घेणारा बहुधा त्याकडे पाहत नाहीं. आणि पाहिलें तरी तो आंकडा मोठा असावा कीं लहान, याचा उलगडा त्याला होत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं मुंबईंतील एखाद्या हौशी गृहस्थाच्या घरीं जो हेडफोन असे, त्यावर बहुधा २००० किंवा ४००० ओहम असा आंकडा असे. आंकडा जितका मोठा तितकी वस्तु चांगली, अशी त्या काळची समजूत होती. त्या काळच्या यंत्रांपुरती ती समजूत बरोबरच होती. आजच्या यंत्रांना तोच नियम लावला तर मात्र ऐकणाराची फसगत होते. एकाच वस्तूच्या बाबतींत नियम असा उलटा कां झाला, हें पाहूं गेल्यास नभोवाणीचा आणि ध्वनिविद्येचा शंभर वर्षांचा इतिहासच डोळ्यांपुढें उभा राहतो.

वऱ्हाडांतील मानोरा हें आजच्या वाशीम जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव या इतिहासाकडे पाहण्यास सोयीचें ठिकाण आहे. मुंबईपासून तें सरळ रेषेंत पांचशें किलोमीटरांहून अधिक, आणि नागपुरापासून सुमारें दोनशें किलोमीटर दूर आहे. आवाज पुरविणारें यंत्र आणि ऐकणारा कान यांच्यामध्यें काय काय आड येतें, हें केंद्राच्या शेजारीं राहणारास सहसा कळत नाहीं. मानोऱ्यासारख्या दूरच्या गांवास तें पहिल्या दिवसापासून कळतें.

प्रथम ओहमच्या आंकड्याचा अर्थ पाहूं. हेडफोनच्या प्रत्येक डबींत एक लोहचुंबक, बारीक तारेचें एक वेटोळें आणि एक पातळ पडदा, एवढें साहित्य असतें. वेटोळ्यांतून वाहणारा विद्युत्प्रवाह कमीअधिक झाला कीं पडदा मागेंपुढें होतो, आणि त्यानें हवा हलली कीं कानाला ध्वनि ऐकूं येतो. या वेटोळ्याकडून प्रवाहाला जो विरोध होतो तो ओहममध्यें मोजतात. साध्या, एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध म्हणजे रोध, आणि ध्वनीबरोबर क्षणोक्षणीं दिशा पालटणाऱ्या प्रवाहाला होणारा एकंदर विरोध म्हणजे संरोध. दोहोंमध्यें महत्त्वाचा भेद असा कीं, रोध बहुतेक स्थिर राहतो. संरोध मात्र स्वराच्या उंचीप्रमाणें बदलतो. हा भेद ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण पुढें सारा घोटाळा त्यावरूनच उद्भवतो.

कानाला लावावयाचें विजेचें यंत्र मुंबईला रेडिओच्या कितीतरी आधीं ठाऊक झालें होतें. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं १८७६ सालीं टेलिफोनचें पेटंट घेतलें, आणि १८८२ सालीं मुंबईंत टेलिफोनचें केंद्र सुरू झालें. टेलिफोनच्या श्रवणीला, म्हणजे कानाकडच्या डबीला, तारेवरून बऱ्यापैकीं प्रवाह मिळत असे, त्यामुळें तिच्या वेटोळ्यांत तारेचे फार फेरे घालण्याचें कारण नव्हतें. बिनतारी संदेश ऐकूं लागल्यावर ही सोय संपली. शेंकडों मैलांवरून आलेल्या विद्युत्लहरींतून हातीं लागणारी शक्ति अत्यल्प. तेवढ्यावर पडदा हलवावयाचा तर वेटोळें अत्यंत बारीक तारेचें आणि हजारों फेऱ्यांचें करावें लागे. अमेरिकेंतील युटा प्रांताचे नॅथॅनिएल बाल्डविन यांनीं असा अतिशय संवेदनशील हेडफोन आपल्या स्वयंपाकघरांत तयार केला आणि १९१० सालीं तो अमेरिकन नौदलाकडे पाठविला. नौदलानें तपासून पाहिला आणि मागणी नोंदविली. हेडफोनच्या धंद्याची ही सुरुवात म्हणतां येईल.

या यंत्राला साजेसा जोडीदार मिळाला तो स्फटिकाच्या रूपानें, आणि त्यांत एका भारतीय शास्त्रज्ञाचा वांटा मोठा आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग विद्युत्लहरी ओळखण्याकडे करून दाखविला. त्यासाठीं त्यांनीं १९०१ सालीं अमेरिकेंत अर्ज केला आणि १९०४ सालीं त्यांना पेटंट मिळालें. पुढें खनिजाचा खडा, त्यावर टेकविलेलें तारेचें टोंक, एक गुंडाळी, उंच बांधलेली तार आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर 'क्रिस्टल सेट' तयार होऊं लागला. त्याला विजेचा घट नको, कीं व्हॉल्व्ह नको. केंद्रांतून येणाऱ्या लहरींत जी शक्ति असेल तीच हेडफोनचा पडदा हलवी. बाहेरून एका कणाचीही भर पडत नसे.

म्हणूनच येथें जुळणीचा पहिला नियम लागू पडला. प्रत्येक विद्युत्स्रोताच्या पोटांत त्याचा स्वतःचा असा कांहीं विरोध असतोच. स्रोताकडून जास्तींत जास्त शक्ति काढून घ्यावयाची असेल तर बाहेर जोडलेल्या वस्तूचा विरोध स्रोताच्या अंतर्गत विरोधाइतका असला पाहिजे. हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ मोरिट्झ फॉन याकोबी यांच्या नांवानें ओळखला जातो. समजा, स्रोताचा अंतर्गत विरोध २००० ओहम आहे. त्याला २००० ओहमचा हेडफोन जोडला तर जेवढी शक्ति कानापर्यंत पोंचेल, तिचा केवळ सोळावा हिस्सा ३२ ओहमचा हेडफोन जोडल्यास पोंचेल. जेथें मुळांतच शक्तीचा दुष्काळ, तेथें सोळा हिश्श्यांतील पंधरा हिस्से गमावणें कोणास परवडणार? एवढ्यासाठीं जाणते लोक मोठ्या ओहमचा आग्रह धरीत. मात्र ओहम हा गुण नव्हता, गुणाची खूण होती. तार बारीक आणि फेरे पुष्कळ, हा खरा गुण; त्यामुळें ओहमचा आंकडा आपोआप मोठा होई. कांहीं कारखानदार तांब्याऐवजीं अधिक विरोधाच्या हलक्या धातूची तार गुंडाळून आंकडा फुगवूं शकत, आणि केवळ आंकडा पाहून घेणारा फसे. शिवाय छापलेला आंकडा रोधाचा असे. ध्वनीच्या प्रवाहाला होणारा संरोध त्याहून पुष्कळ अधिक भरे.

मुंबईंत या यंत्रांना ऐकण्याजोगें कांहीं मिळालें तें १९२३ सालीं. त्या वर्षाच्या जून महिन्यांत मुंबईच्या रेडिओ क्लबनें हौशी स्वरूपाचें ध्वनिक्षेपण सुरू केलें. पुढें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली आणि २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन केलें. पाठोपाठ ऑगस्टमध्यें कलकत्त्याचें केंद्र उघडलें. प्रत्येक केंद्राची शक्ति दीड किलोवॉट, आणि खात्रीनें ऐकूं येण्याचें क्षेत्र सुमारें ३० मैलांचें. हें वर्तुळ मुंबईहून निघून कल्याणच्या आसपास संपे. त्याच्या आंत राहणाऱ्या गृहस्थाला चांगला हेडफोन आणि एक स्फटिक एवढ्यावर गाणें ऐकतां येई. वर्तुळाच्या बाहेर मात्र व्हॉल्व्हचा महाग सेट, त्याचे घट आणि ते घट पुन्हां भरून आणण्याची यातायात, हें सर्व आलें.

मानोरा या वर्तुळाच्या कडेपासूनसुद्धां किती दूर! तीस मैलांच्या जागीं तीनशें मैलांहून अधिक. तेथें २००० ओहमचा उत्तमांतला उत्तम हेडफोन नेला असता तरी क्रिस्टल सेटवर तो मुकाच राहिला असता. याकोबीचा सिद्धांत उपलब्ध शक्तीचा अर्धा भाग कानाला मिळवून देतो. पण शून्याचा अर्धा भाग शून्यच. जुळणी कितीही नेमकी असली तरी ती नवी शक्ति निर्माण करीत नाहीं. मानोऱ्याच्या अंतरानें शिकविलेला हा पहिला धडा होय.

हा धडा कंपनीलाही जड गेला. ऐकणाराला वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा लागे, आणि कंपनीचें उत्पन्न मुख्यतः त्यावर अवलंबून होतें. १९२७ अखेर साऱ्या देशांत परवाने होते ३,५९४. पुढच्या दोन-तीन वर्षांतही ती संख्या आठ हजारांच्या आंतच राहिली. स्वस्त सेट दूर चालेना आणि दूर चालणारा सेट स्वस्त मिळेना. अशा कोंडींत श्रोते वाढणार कसे? १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें आणि पुढील महिन्यांत सरकारनें केंद्रें आपल्या हातीं घेतलीं. १९३६ सालीं या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' असें नांव मिळालें. वऱ्हाडाच्या जवळचें केंद्र म्हणजे नागपूरचें. तें १६ जुलै १९४८ रोजीं, म्हणजे मुंबईच्या केंद्रानंतर एकवीस वर्षांनीं सुरू झालें. तोंवर घरोघरच्या रेडिओंतून हेडफोन जवळजवळ निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागीं ध्वनिक्षेपक, म्हणजे लाऊडस्पीकर, आला होता.

या स्थित्यंतराचें कारण व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह क्षीण लहरीला मोठें करतो. त्यासाठीं लागणारी शक्ति तो घटांतून किंवा घरांतल्या विजेंतून घेतो. आरंभींच्या सेटांत जुना मोठ्या ओहमचा हेडफोन सरळ व्हॉल्व्हच्या वाटेंतच बसविलेला असे, कारण व्हॉल्व्हचा अंतर्गत विरोधही हजारों ओहमचा. अशा हेडफोनच्या दोरीच्या एका टोंकाला खूण असे. प्रवाह उलट दिशेनें गेला तर आंतलें लोहचुंबक हळूहळू दुबळें होई. पुढें चलवेटोळ्याचा लाऊडस्पीकर आला. त्याचें वेटोळें मोजक्या फेऱ्यांचें, अवघ्या कांहीं ओहमचें. पांच हजार ओहम मागणारा व्हॉल्व्ह आणि आठ ओहमचा स्पीकर यांचा संसार जमावा कसा? मध्यस्थी केली ट्रान्सफॉर्मरनें. त्याच्या दोन गुंडाळ्यांतील फेऱ्यांचें प्रमाण २५ ला १ ठेवलें कीं विरोधाचें प्रमाण त्याच्या वर्गाइतकें, म्हणजे ६२५ ला १ होतें; आणि ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५००० ओहमचा भासतो. जुळणी या शब्दाचा अर्थ अजूनही तोच होता : समान विरोध, अधिकतम शक्ति.

तो अर्थ ज्या शोधानें उलटा केला, त्याची तारीख योगायोगानें मुंबई केंद्राच्या उद्घाटनाला अगदीं लागून आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे आयर्विनसाहेबांच्या समारंभानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, हॅरल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेंतील तरुण अभियंते हडसन नदीवरील नावेंतून कामावर जात होते. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या ध्वनींत येणारे दोष कसे घालवावे, या विवंचनेंत ते कित्येक वर्षें होते. त्या सकाळीं त्यांना युक्ति सुचली, आणि हातांतल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेवर त्यांनीं आकृति काढली. बाहेर आलेल्या प्रवाहाचा कांहीं अंश उलटा करून पुन्हां आंत सोडावयाचा आणि मूळ ध्वनीशीं त्याची तुलना करावयाची; जो फरक दिसेल तो यंत्रानें आपण होऊन दुरुस्त करावयाचा. यालाच ऋण प्रतिपोषण म्हणतात. प्रतिपोषणामुळें दोष तर कमी झालेच. पण योग्य रीतीनें योजल्यास ॲम्प्लिफायरचा अंतर्गत विरोधही जवळजवळ नाहींसा करतां येतो, असा दुसरा लाभ त्यांतून निघाला. पुढें ट्रान्झिस्टर आला आणि ओहमच्या अंशाइतक्या विरोधाचीं यंत्रें सामान्य झालीं.

आतां शक्तीचा दुष्काळ संपला. एका घराला पुरून उरेल एवढा आवाज देणाऱ्या यंत्रापुढें हेडफोनची गरज ती किती? वॉटच्या कांहीं सहस्रांशांची. प्रश्न आतां शक्ति किती मिळते हा राहिला नाहीं. प्रत्येक स्वराला आपल्या वांट्याची शक्ति बिनचूक मिळते कीं नाहीं, हा झाला.

इकडे हेडफोनही बदलला होता. बर्लिनच्या बायर कंपनीनें १९३७ सालीं चलवेटोळ्याचा हेडफोन बाजारांत आणला. १९५८ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत जॉन कॉस यांनीं स्टिरिओ संगीतासाठीं हेडफोन लोकांपुढें ठेवला, आणि जी वस्तु तारायंत्रवाले आणि सैनिक यांच्यापुरती उरली होती, ती संगीताच्या घरांत परतली. तेव्हां ॲम्प्लिफायर बनविणारांनीं पुढच्या पट्टीवर हेडफोनसाठीं एक जॅक ठेवण्यास सुरुवात केली. परंतु या पाहुण्याकरितां स्वतंत्र व्यवस्था करण्याचा खर्च बहुतेकांनीं टाळला. स्पीकरकडे जाणारा प्रवाहच वाटेंत कांहींशें ओहमचा एक रोधक घालून जॅककडे वळविला. रोधकामुळें जबर प्रवाह हेडफोनवर एकदम आदळत नसे आणि चुकून तारा एकमेकींस लागल्या तरी यंत्र बचावत असे. त्या वेळचे पुष्कळ हेडफोन कांहींशें ओहमचे असल्यामुळें कोणाचें फारसें बिघडत नसे. १९६८ सालीं गाजलेला जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा 'एच डी ४१४' तर २००० ओहमचाच होता. आंकडा जुन्या क्रिस्टल सेटच्या हेडफोनचा, घडण मात्र अगदीं नवी.

मग १ जुलै १९७९ रोजीं सोनी कंपनीचा वॉकमन जपानांत विक्रीस आला. दोन लहान घटांवर चालणारें यंत्र. त्याच्याजवळ विद्युद्दाब मिळून तीन व्होल्टांचा. एवढ्या थोड्या दाबांत पुरेसा आवाज काढावयाचा तर हेडफोननें प्रवाह सढळ घेतला पाहिजे, म्हणजेच त्याचा विरोध कमी पाहिजे. म्हणून आंकडा शेंकड्यांवरून तीस-बत्तिसाच्या आसपास उतरला. पुढें मोबाइल आले. त्यांनाही तेंच कारण लागू, त्यामुळें ३२ ओहम किंवा त्याहून कमी हा नेहमींचाच आंकडा झाला. उलट, ध्वनिमुद्रणगृहांत आणि नभोवाणी केंद्रांत एकाच यंत्रावर अनेकांनीं ऐकण्याची पद्धत. तेथें प्रत्येकानें थोडाच प्रवाह घ्यावा म्हणून ६०० ओहमचे हेडफोन टिकून राहिले. अशा रीतीनें दोन भिन्न गरजांतून दोन कुळें निर्माण झालीं, आणि दोहोंच्या पिनी मात्र एकाच जॅकमध्यें बसूं लागल्या. पिन बसली म्हणजे जोडी जमली, असें समजण्याची चूक तेथूनच सुरू झाली.

या चुकीचा परिणाम प्रत्यक्ष आंकड्यांनीं पाहिला म्हणजे संशय राहत नाहीं. समजा, ३२ ओहमच्या एका हेडफोनचा संरोध खर्जाच्या एका पट्टींत १०० ओहमपर्यंत चढतो. चलवेटोळ्याच्या पुष्कळ हेडफोनांत असा चढ असतो. ॲम्प्लिफायरच्या जॅकमागें १२० ओहमचा रोधक आहे. मग सामान्य स्वरांना उपलब्ध दाबापैकीं १५२ भागांतले ३२ भाग, म्हणजे शेंकडा २१ मिळतात. त्या खर्जाच्या पट्टीला २२० भागांतले १०० भाग, म्हणजे शेंकडा ४५. खर्जाचा वांटा दुपटीहून अधिक झाला. ध्वनीच्या भाषेंत हा फरक सुमारें साडेसहा डेसिबलांचा. तबल्यांतील डग्गा घुमूं लागतो, आणि गाणाराचे शब्द त्याच्याखालीं दबतात. आतां तोच हेडफोन २ ओहमच्या ॲम्प्लिफायरला जोडला तर सामान्य स्वरांना शेंकडा ९४ आणि त्या पट्टीला शेंकडा ९८ मिळतात. फरक डेसिबलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कानाला तो जाणवणारही नाहीं. हेडफोन तोच, ध्वनिमुद्रण तेंच, गाणाराही तोच. पालटला तो केवळ न दिसणारा एक रोधक.

यावरून जुळणीचा दुसरा नियम निघतो, आणि तो पहिल्याच्या उलट आहे. ॲम्प्लिफायरचा विरोध हेडफोनच्या विरोधाइतका नसावा, त्याहून पुष्कळ कमी असावा. व्यवहारांत आठवा हिस्सा किंवा त्याहून कमी, असा एक सोपा दंडक रूढ आहे : ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंतचा जॅक, ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारें ३७ ओहमपर्यंतचा. अर्थात् जुन्या पद्धतीला लागलीच अर्धचंद्र मिळाला असें नाहीं. १९९६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकानेंही हेडफोनच्या जॅकसाठीं १२० ओहम हाच आंकडा सुचविला होता. त्या आंकड्याला धरून घडविलेले हेडफोन अशा जॅकवरच ठीक वाजतात. म्हणून जुन्या यंत्राला सरसकट सदोष ठरवूं नये. त्याला त्याच्या पिढीचा जोडीदार द्यावा, म्हणजे झालें. १२० ओहमच्या जॅकला ३०० ओहमचा हेडफोन जोडला आणि त्याचा संरोध खर्जांत ६०० पर्यंत चढला, तरी फरक सव्वा ते दीड डेसिबलांच्या दरम्यानच राहतो.

विरोध जुळला म्हणजे सर्व जुळलें असेंही नाहीं. हेडफोनवर दुसरा एक आंकडा असतो : एका मिलिवॉट शक्तीवर किती डेसिबलांचा आवाज निघतो याचा. विरोध आणि ही संवेदनशीलता मिळून आवाज ठरतो. एक व्होल्टचा दाब ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॉट शक्ति देतो. तोच दाब ६०० ओहमच्या हेडफोनला दोन मिलिवॉटही देत नाहीं. म्हणून ध्वनिमुद्रणगृहासाठीं केलेला उंची हेडफोन मोबाइलला लावल्यावर मरगळलेला वाटतो. उलट, फार संवेदनशील कानगोळ्या मोठ्या ॲम्प्लिफायरला लावल्या कीं बटन किंचित् फिरवतांच आवाज कर्कश होतो, आणि शांत जागीं यंत्राची सूं सूं ऐकूं येते.

मानोऱ्यांतील एखाद्या कुटुंबानें नवा हेडफोन आणला आणि घरांत वडिलांच्या वेळचा ॲम्प्लिफायर असला, तर त्याच्या जॅकमागें किती ओहम आहेत हें शोधण्यास कारखान्याचें पुस्तकच हवें असें नाहीं. विजेचीं कामें करणाराजवळ असणारा साधा मल्टिमीटर आणि ३३ ओहमचा एक रोधक एवढ्यावर काम भागतें. शंभर आवर्तनांच्या आसपासचा एक संथ, अखंड स्वर यंत्रावर लहान आवाजांत लावावा. मीटर बदलत्या प्रवाहाच्या दाबावर ठेवून, हेडफोन न जोडतां जॅकवरचा दाब मोजावा. नंतर बटनाला हात न लावतां, जॅकच्या एका बाजूला तो रोधक जोडून दाब पुन्हां मोजावा. पहिला दाब एक व्होल्ट आणि दुसरा अर्धा व्होल्ट आला तर जॅकमागेंही ३३ ओहमच आहेत. एक व्होल्टचे चतुर्थांश व्होल्ट उरले तर ९९ ओहम आहेत. दाब जवळजवळ तेवढाच राहिला तर यंत्राचा विरोध नगण्य आहे. पहिल्या दाबाला दुसऱ्यानें भागावें, उत्तरांतून एक वजा करावा आणि ३३ नें गुणावें, एवढाच हिशेब. पांच मिनिटांच्या या कामानें पुढचा खर्च योग्य होतो कीं वायफळ, हें कळतें.

हा खर्च केवळ पैशांचाच नसतो. जोडी विजोड असली म्हणजे ऐकणारा नकळत बटन फिरवीत जातो. खर्जाच्या गुंजारवांत शब्द बुडाले कीं शब्द ऐकूं यावेत म्हणून तो आवाज वाढवितो. त्याबरोबर खर्जही वाढतो. हेडफोन लाऊडस्पीकरसारखा खोलीभर आवाज पसरीत नाहीं. तो कानाच्या पडद्यापाशींच बसलेला असतो, आणि आवाज किती झाला हें शेजारच्यास कळत नसल्यामुळें 'कमी कर' म्हणून सांगणारेंही कोणी नसतें. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१८ सालच्या मानकांत प्रौढांसाठीं ८० डेसिबलांच्या आवाजाला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा घातली आहे. आवाज तीन डेसिबलांनीं वाढला कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते आणि मर्यादा निम्मी : ८३ डेसिबलांना २० तास, ८६ ना १० तास. वरच्या उदाहरणांतील साडेसहा डेसिबल या हिशेबांत घातले म्हणजे त्यांचें वजन कळतें. एकदां गेलेली श्रवणशक्ति कोणत्याही ओहमच्या हेडफोननें परत येत नाहीं. परीक्षेच्या अभ्यासासाठीं तासन् तास कानांत व्याख्यानें घालून बसणाऱ्या मुलांच्या बाबतींत तर हा आंकडा घरांतल्या वडील माणसांनीं पाठच करावा.

कांहीं जुन्या घरांतून माळ्यावरच्या पेटींत बेकेलाइटच्या काळ्या डब्यांचा, कापडी दोरीचा, २००० किंवा ४००० ओहमचा हेडफोन अद्याप सांपडतो. आजच्या मोबाइलला जोडल्यास त्यांतून आवाज आला तर कुजबुजल्यासारखा येतो, आणि 'बिघडला' असें म्हणून तो भंगारांत टाकला जातो. पुष्कळदां तो बिघडलेला नसतो. कमी दाबाच्या यंत्राशीं त्याची गांठ घातलेली असते, एवढेंच. आठ ओहमच्या बाजूनें उलटा जोडलेला जुन्या रेडिओचा एक लहान ट्रान्सफॉर्मर मध्यें घालून लहान आवाजापासून सुरुवात करावी, म्हणजे दाब वाढतो आणि तो बोलूं लागतो. त्याचा आवाज आजच्या मानानें अरुंद व किंचित् पत्र्यासारखा वाटेल. पण १९२७ सालच्या पावसाळ्यांत मुंबईच्या परिसरांतील क्रिस्टल सेटवाल्यांनीं केंद्राचा पहिला कार्यक्रम ऐकला तो याच जातीच्या हेडफोनांतून. आणि त्या रात्रीं मानोऱ्याला जो ऐकूं आला नाहीं, तोही याच जातीच्या हेडफोनांतून.